पाटीवर सहा, कागदावर किती? गावच्या महायुद्ध-शिळेमागची नावे शोधण्याचे एक प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत एक पांढरी संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. मजकूर बहुधा इंग्रजीत असतो आणि त्यात दोन आकडे असतात: या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धाला इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्या जणांनी प्राण दिले. नाव एकाचेही नसते. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावाची ४६ माणसे त्या युद्धात कामी आली, हे जिल्हाभर माहीत आहे. बहुतेक गावांना मात्र स्वतःचा आकडाही धड ठाऊक नसतो, कारण पाटीवर ऑइल पेंटचे चार-पाच हात बसलेले असतात.

इथे घेतलेले प्रकरण अशाच एका गावाचे आहे. गाव तासगाव तालुक्यातले. आज हा तालुका सांगली जिल्ह्यात आहे, पण १९१४ साली तो सातारा जिल्ह्यात होता. पाटी सांगते: ४१ गेले, ६ परतले नाहीत. या पाटीखाली सहा नावांची दुसरी पाटी बसवायची, असे गावाने ठरवले आहे. गाव नमुन्याचे आहे, आणि गावाचे आकडे व माणसांचे तपशील पद्धत समजावण्यासाठी घेतले आहेत. स्मारके, दप्तरे, लढायांच्या तारखा आणि वाटेत येणाऱ्या अडचणी मात्र खऱ्या आहेत.

पाटी आधी नीट वाचावी

पाटीवर जे रंगवले आहे ते खरे नसते, जे कोरले आहे ते खरे असते. रंगारी दर काही वर्षांनी अक्षरे काळ्या रंगाने भरतो आणि झिजलेला आकडा त्याला दिसेल तसा भरतो. इंग्रजी ३, ६ आणि ८ यांची गफलत सगळ्यांत जास्त होते, त्याखालोखाल १ आणि ७ यांची. या गावात रंगवलेला आकडा ८ होता. रात्री पाटीला जवळजवळ चिकटवून टॉर्च धरला, प्रकाश अगदी तिरपा पाडला, चारही बाजूंनी एकेक फोटो काढला, तेव्हा खोदलेली रेघ वरच्या अंगाला उघडी असल्याचे दिसले. आकडा ६ निघाला. हे केले नसते तर नसलेल्या दोन माणसांच्या शोधात काही महिने गेले असते.

फोटो पाटीच्या बरोबर समोरून, कॅमेरा तिच्या मध्याच्या उंचीवर धरून काढावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी. पाटी पुसायची तर साधे पाणी, मऊ ब्रश आणि सुती फडके पुरे. लिंबू, व्हिनेगर, संडास धुण्याचे आम्ल यांतले काहीही लावू नये. संगमरवर म्हणजे चुनखडीच. आम्ल लागले की अक्षरांच्या कडाच विरघळतात आणि जे वाचायचे तेच जाते. तारेचा ब्रश तर पाटीच्या जवळही नेऊ नये. दगड भक्कम असेल तर पातळ कागद लावून त्यावरून मेणाचा खडू आडवा फिरवावा, ठसा उतरतो. पण कपचे सुटत असतील तर हात लावू नये, फोटोवरच भागवावे.

मग हा आकडा नेमका कोणाला मोजतो ते ठरवावे लागते. त्या काळी गावात मोडणाऱ्या वाड्या आज स्वतंत्र ग्रामपंचायती झाल्या असतील, तर त्यांची माणसेही या सहांत असू शकतात. आकड्यात फक्त बंदूकवाले शिपाई असतील असेही नाही. खेचरे हाकणारे, भिस्ती, स्वयंपाकी, मजूर हेही ‘गेलेले’च. शिवाय पाटी १९१९ ला थांबते आणि युद्धमृतांच्या कबरी, स्मारके व नोंदी सांभाळणारे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (पुढे नुसते ‘कमिशन’) पहिल्या महायुद्धाचे मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या मुदतीतले धरते. दोन्हींचा मेळ आपोआप बसेल, ही अपेक्षा ठेवू नये.

नावे बसऱ्याच्या यादीत का

मराठा पलटणींचे पहिले महायुद्ध मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात झाले. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण सहाव्या (पूना) डिव्हिजनबरोबर तैग्रिस नदीच्या काठाने वर गेली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला लढली, मागे फिरली आणि कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला. २९ एप्रिल १९१६ ला सैन्याने शरणागती पत्करली आणि सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. ११४ वी पलटण पुढे १९१८ च्या शर्कतच्या लढाईत गाजली. म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतल्या शिपायाचा शोध घेताना पहिला दरवाजा बसरा मेमोरियलचा ठोठवावा.

या स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४०,५०० हून अधिक जणांची स्मृती आहे. १९२९ साली ते शत्त-अल-अरबच्या काठी माकिल इथे उभे राहिले. १९९७ मध्ये इराकच्या राष्ट्राध्यक्षांच्या फर्मानाने ते तिथून उचलून बसऱ्यापासून ३२ किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्यालगत वाळवंटात नेले गेले. पण स्मारकाचे फोटो कितीही मोठे करून पाहिले तरी गावचा शिपाई त्यावर सापडत नाही. ब्रिटिश शिपायांची आणि हिंदी अंमलदारांची नावे दगडावर आहेत. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा आहे. फ्रान्समधल्या नव्ह-शापेल स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी जवानांची नावे कोरली गेली, इराकात त्याच सैन्याच्या शिपायांना संख्या मिळाली. कमिशनच्याच चौकशी समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात ही असमानता कबूल केली. अमारा इथल्या डाव्या तीरावरच्या हिंदी दफनभूमीत सुमारे ५,००० जणांची स्मृती आहे आणि ओळख पटलेले त्यांत फक्त ९ आहेत, कारण लष्कराने दफनांच्या पुरेशा नोंदीच ठेवल्या नव्हत्या.

थोडक्यात, गावच्या पाटीवर आकडा आणि बसऱ्याच्या दगडावरही आकडा. नावे उरली ती नोंदवह्यांत. या वह्यांतली माहिती कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. इराकात दफन झालेल्या किंवा स्मरण केलेल्या सगळ्यांची दोन खंडांतली यादी कमिशनने इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या मुख्य कचेरीत लोकांना पाहण्यासाठी ठेवली, कारण इराकात जाऊन पाहणे शक्य राहिले नव्हते.

दोन ठिकाणी लोक नेमाने चुकतात. एक इंडिया गेट. तिथे कोरलेली तेरा हजारांहून अधिक नावे प्रामुख्याने वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. मेसोपोटेमियात गेलेला शिपाई तिथे नावाने सापडायचा नाही. दुसरे, पुण्याजवळचे खडकीचे युद्धस्मारक. त्यावरची पहिल्या महायुद्धातली १,८०० हून अधिक नावे भारत आणि पाकिस्तानातल्या जुन्या सिव्हिल व कँटोन्मेंट कबरस्तानांत पुरलेल्यांची आहेत. घराजवळ आहे म्हणून तिथून सुरुवात केली तर एक दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

शोध कसा लावावा

संकेतस्थळावर आडनाव टाकून बसणे ही सर्वांत कमी फळ देणारी रीत. हिंदी शिपायांची संपूर्ण नावे पुष्कळदा एकाच रकान्यात, आडनावाच्या जागी भरली आहेत. ‘रामा जाधव’ हे सगळेच आडनाव धरले असेल तर ‘जाधव’ने सुरू होणाऱ्या नोंदींत तो येणारच नाही. त्यासाठी उलट्या बाजूने जावे. युद्ध पहिले, सैन्य हिंदी, स्मारक बसरा, आणि मग एकेक पलटण निवडावी: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. प्रत्येक पलटणीचा निकाल तक्ता म्हणून उतरवून घ्यावा आणि सगळे तक्ते एका फाइलमध्ये जोडावेत. पुढचे काम संगणकावर निवांत करता येते आणि प्रत्येक वेळी नव्याने शोधत बसावे लागत नाही.

या फाइलमध्ये सर्वांत मोलाचा रकाना ‘जादा माहिती’चा. भरला असेल तर त्यात बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळतो: अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तासगाव, सातारा, मुंबई. पुष्कळ नोंदींत तो रिकामा असतो. भरलेल्या नोंदी आधी ‘सातारा’ने गाळाव्यात, मग ‘तासगाव’ने. सांगली हा शब्द शोधू नये. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १९१४ साली सांगली म्हटले की पटवर्धनांचे संस्थान, तासगाव त्यात नव्हते. उलट फलटण आज सातारा जिल्ह्यात आहे, तेव्हा ते स्वतंत्र संस्थान होते. रत्नागिरीच्या नोंदी पाहणाऱ्याने आजच्या सिंधुदुर्गातली गावे रत्नागिरीखाली शोधावीत आणि सावंतवाडी संस्थान वेगळे धरावे.

रोमन लिपीतली स्पेलिंगे हा मोठा अडथळा. भरती करणाऱ्या कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले. पवार हा पोवार किंवा पुवार होतो, चव्हाण हा चवान किंवा चौहान, शिंदे हा सिंदे किंवा सिंधे, जाधव हा जादव किंवा जादो. ‘व’साठी कधी व्ही, कधी डब्ल्यू. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’, आणि ‘ध’, ‘भ’, ‘ठ’ मधला ह कधी पडतो, कधी भलतीकडे चिकटतो. गावाच्या नावात शेवटचे ‘गाव’ चार तऱ्हांनी लिहिलेले असते. म्हणून पूर्ण शब्द न शोधता मधला तीन-चार अक्षरांचा न बदलणारा तुकडा शोधावा. गावाच्या नावाच्या अशा आठ-दहा रूपांची यादी आधी कागदावर काढून ठेवली की काम भराभर होते.

सारख्या नावाच्या गावांचा घोळ वेगळा. वाठार स्टेशन, वाठार किरोली आणि कराडजवळचे वाठार ही तिन्ही सातारा जिल्ह्यातच आहेत. तुळजापूरजवळच्या अपसिंग्याचे आणि सातारच्या अपशिंग्याचे रोमन स्पेलिंग सहज एक होते, पण अपसिंगा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. म्हणून नुसते गाव जुळले म्हणजे माणूस सापडला असे धरायचे नाही. गावाबरोबर तालुका किंवा बापाचे नाव जुळलेच पाहिजे.

शिपायाच्या क्रमांकाबद्दलही एक लक्षात ठेवावे. तेव्हा प्रत्येक पलटणीची क्रमांकांची माळ स्वतंत्र होती. २३४५ हा क्रमांक ११० व्या पलटणीतही असेल आणि ११७ व्यातही. क्रमांक एकटा लिहायचा नाही, कायम पलटणीसकट लिहायचा. एका पलटणीचे शिपाई दुसरीत जोडलेलेही असत, आणि नोंदीत मूळ पलटण व जोडलेली पलटण दोन्ही येतात. १९२२ साली या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि १०३ वी, १०५ वी, ११० वी या अनुक्रमे तिच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बटालियन बनल्या. घरातल्या पेन्शनच्या कागदावर नवे नाव आणि पदकावर जुने, असे दिसले तर गोंधळू नये. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहायचे तर क्रमांक, पलटण आणि मृत्यूची तारीख हाती आल्यावरच लिहावे. नाव आणि गाव एवढ्यावर तिथेही कोणी काही शोधू शकत नाही.

सहा माणसे, सहा वाटा

पहिला सरळ सापडला. ११७ वी पलटण, मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५, म्हणजे टेसिफॉनच्या लढाईचा पहिला दिवस. जादा माहितीत बापाचे नाव, आणि गावाचे नाव एक अक्षर गाळून लिहिलेले. तालुका जुळला. तक्ता तारखेने लावला की त्या दिवसाखाली नोंदींची मोठी रास दिसते. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘बगदादच्या वाटेवर पडला’ एवढेच उरलेले असते. ती तारीख बघितली की या वाक्याचा अर्थ लागतो.

दुसऱ्याच्या नोंदीत जादा माहितीच नव्हती. नाव, १०३ वी पलटण, क्रमांक, आणि कुतच्या वेढ्यातली तारीख. त्याच नावाची माणसे चार गावांत असतील. त्याला गावाशी जोडले ते पदकाने. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे, सुमारे दीड इंच व्यासाचे, आणि त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. दर्शनी बाजूवर राजाचा मुखवटा असल्याने लोक फोटो त्याचाच काढतात. उपयोगाची असते ती कड. पदक बोटांत उभे धरून, खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवत मोबाइलने सात-आठ फोटो घ्यावेत आणि मग मजकूर जोडावा. चिंच, राख, पॉलिश लावून घासू नये. दिवाळीला घासून घासून गुळगुळीत झालेल्या कडा पाहिल्या की जीव हळहळतो, कारण शंभर वर्षे टिकलेला क्रमांक घरच्याच मायेने पुसलेला असतो. या घरी पदक कापडात गुंडाळून ट्रंकेत होते. क्रमांक आणि पलटण दोन्ही जुळली.

तिसरा कुतला कैद झाला. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले, आणि पुष्कळ जण बगदाद रेल्वेच्या कामावर रास-अल-ऐन भागात मेले. कैदेतल्या मृत्यूची खबर पलटणीला उशिरा मिळे, म्हणून अशा नोंदीतली तारीख नेमकी धरून बसू नये. पाटीवर फक्त साल लिहावे. या घरात पदक नव्हते, पण ‘पितळी थाळी’ होती. ती थाळी म्हणजे मृतांच्या वारसांना दिलेले काशाचे स्मृतिपदक, व्यास १२० मिलिमीटर, त्यावर ब्रिटानिया (ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्री) आणि सिंह, आणि चौकटीत मृताचे नाव. हुद्दा नाही, क्रमांक नाही, पलटण नाही, कारण मरणात सगळे सारखे असा त्यामागे हेतू होता. त्यामुळे थाळीवरून मृत्यू सिद्ध होतो, पलटण कळत नाही. इथे उपयोगी पडले ते चुकीचे स्पेलिंग. थाळीवर आडनाव ज्या विचित्र तऱ्हेने लिहिले होते, ११० व्या पलटणीच्या नोंदीत तीच तऱ्हा होती. दोन्ही एकाच लष्करी कागदावरून उतरलेली असणार. बरोबर स्पेलिंग कोणाचेही जुळते. चुकीचे जुळले तर तो पुरावा जास्त वजनाचा.

चौथा गावाच्या आठवणीतून गळालाच होता. तोंडी यादीत पाचच नावे येत होती, आणि ती पाचही वरच्या आळीतली. मराठा पलटणींचे तक्ते कितीही चाळले तरी सहावे नाव निघेना, कारण तो पलटणीत नव्हताच. तो खेचरांच्या तुकडीत ड्रायव्हर होता. संकेतस्थळावर पलटणीची अट काढून नव्याने शोध घेतला, ‘सातारा’ आणि ‘तासगाव’ एवढेच ठेवले, हुद्द्यात ड्रायव्हर, भिस्ती, फॉलोअर, मजूर सगळे येऊ दिले, तेव्हा नोंद पुढे आली. हे पाऊल कोणीही टाळू नये. विचारपूस गावच्या प्रत्येक वस्तीत करावी: बौद्धवाड्यात, मातंग वस्तीत, रामोशी आळीत, मुसलमान घरांत. १११ वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ ला मोडली. तिच्या शिपायांच्या आठवणी पाटलाच्या ओसरीवर बसून कळायच्या नाहीत. पाटीवरच्या एकेचाळिसांत ही सगळी माणसे मोजलेली आहेत. नावे लिहिताना त्यांतला एकही गाळला तर तो अन्याय आज आपल्या हातून होतो.

पाचव्याच्या नावाच्या नोंदी दोन निघाल्या, दोन्ही ११७ व्या पलटणीच्या. एकीत बापाचे नाव होते, गाव नव्हते. दुसरीत खानापूर तालुक्यातले सारख्या उच्चाराचे गाव होते. इथे गावचे दप्तर कामाला आले, आणि याच टप्प्यावर सर्वाधिक शोध अडकतात, म्हणून थोडे सविस्तर.

पहिला विचार सगळ्यांचा एकच असतो: मृत्यूची नोंद पाहू. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावात झालेले जन्म-मृत्यू असतात. इराकात मेलेला माणूस त्यात नसतो आणि नसणारच. तो सापडला नाही म्हणून ‘नोंद नाही, म्हणजे गोष्ट खोटी’ असा निष्कर्ष काढू नये. त्याच्या मरणाची खूण जमिनीच्या कागदात उमटते. त्याच्या नावावर जमीन असेल तर पुढे वारस नोंद होते आणि फेरफार पडतो. अर्ज तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात करावा. त्यात गावाचे नाव, ‘फेरफार नोंदवही’ आणि १९१५ ते १९२५ अशी मुदत स्पष्ट लिहावी. ‘जुने कागद पाहिजेत’ असे मोघम लिहिले की अर्ज परत येतो. स्कॅन झालेले जुने फेरफार महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही मिळतात, तिथे आधी पाहून घेतले तर खेप वाचते.

कागद मोडीत असतो. जाणकार मिळेपर्यंत एवढी अक्षरे ओळखता आली तरी पाने गाळता येतात: ‘मयत’, ‘वारस’, ‘पलटण’, आणि ‘अ.पा.क.’. हे शेवटचे म्हणजे ‘अज्ञान पालन करणार’. या प्रकरणातल्या फेरफारात मयताचे नाव, बापाचे नाव, आणि वारस म्हणून मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असे होते. मुलगा लहान, जमीन त्याच्या नावे, सांभाळणारी विधवा आई. बापाचे नाव पहिल्या नोंदीशी जुळले आणि खानापूरची नोंद बाद झाली. फेरफाराची तारीख मात्र मृत्यूची नव्हे. तो दोन-तीन वर्षे मागाहून पडलेला असतो, आणि महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होत असल्याने १९१६-१७ असे लिहिले असेल तर साल जपून काढावे. एकत्र कुटुंबात जमीन थोरल्या भावाच्या किंवा आजोबांच्या नावे असेल तर धाकट्या शिपायाच्या मृत्यूने फेरफार पडतच नाही. अशा वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. मुलाच्या दाखल्यात पालक म्हणून बापाऐवजी आई किंवा चुलता लिहिलेला असेल तर निदान काळ कळतो.

सहावा कमिशनच्या यादीत सापडलाच नाही, आणि कोतवाल बुकात सापडला. मृत्यू ऑक्टोबर १९१८, कारण ‘ताप’. मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाची साथ त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कळसाला होती, त्या पानावर एकाखाली एक ‘ताप’ लिहिलेला आहे. तो लढाईवरून आलेला होता हे गाव सांगते. प्रश्न एवढाच: रजेवर आलेला की नाव कापून आलेला? रजेवर असेल तर तो सेवेतच मेला आणि कमिशनच्या नियमात बसतो. डिस्चार्ज झालेला असेल तर सेवेतल्या जखमेने किंवा दुखण्याने मृत्यू आला हे दाखवावे लागते, आणि गावात लागलेली साथ त्याला पुरत नाही. पाटी बसवणाऱ्यांनी त्याला मोजले, हे मात्र सहाच्या आकड्यावरून दिसते.

वेळ कुठे वाया जातो

लाहोर संग्रहालयात सापडलेल्या पंजाबच्या नोंदवह्यांची बातमी २०२१ मध्ये गाजली. त्यांत सुमारे ३,२०,००० शिपायांच्या गाववार नोंदी आहेत. ते दप्तर पंजाब सरकारने पंजाबपुरते केले होते, साताऱ्याचे गाव त्यात शोधू नये. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेतल्या युद्धरोजनिश्या लढाईचा दिवस समजून घ्यायला फार चांगल्या आहेत, पण त्यांत शिपायाचे नाव क्वचितच असते. ब्रिटिश अंमलदार नावाने येतात, बाकीचे ‘इतके ठार, इतके जखमी’. नावासाठी त्या मागवल्या तर पैसे वाया जातात.

कोकणातल्या गावाने क्रम बदलावा. तिथे जहाजांवरच्या खलाशांची घरे असतील तर मुंबईच्या नाविक स्मारकाकडे आधी वळावे. मस्जिद बंदर भागातल्या या स्मारकात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची स्मृती आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे ६,५०० नाविकांच्या यादीचे दोन सारखे ग्रंथ केले गेले, एक मुंबईत आणि एक चट्टग्रामला. दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांसाठी दिल्ली आणि कराची इथेही अशीच जोडयादी आहे, पंचवीस हजारांहून अधिक नावांची.

पाटी कोरण्याआधी

हाती आलेल्या नावांना तीन दर्जे द्यावेत: पक्के, बहुधा, उघडे. पक्के म्हणजे एकमेकांवर न बेतलेले दोन पुरावे, एक लष्करी आणि एक गावचा. दोन्ही पुरावे एकाच संकेतस्थळावरून आले असतील तर तो एकच पुरावा. या गावात पहिला, दुसरा आणि पाचवा पक्के ठरले. तिसरा थाळीच्या स्पेलिंगवर पक्का धरता येतो, पण त्याच्यापुढे शेरा ठेवणे बरे. चौथा ‘बहुधा’, कारण त्याच्या घरचे कोणी गावात उरलेले नाही आणि बापाचे नाव दुसरीकडे कुठे जुळवता आलेले नाही. सहावा उघडा.

प्रत्येक माणसाचा वेगळा लिफाफा करावा: कमिशनच्या नोंदीची छापील प्रत, पदकाच्या कडेचे फोटो, फेरफाराची नक्कल, मोडीचे देवनागरी लिप्यंतर, आणि कोणी काय सांगितले त्याची तारखेसह टिपणे. सहाव्यासाठी कमिशनकडे स्मरणाचा अर्ज करता येतो, पण सेवेचा पुरावा हाती आल्यावरच. आधी पाठवलेला अर्धा अर्ज नंतरच्या पूर्ण अर्जाला आडवा येतो.

नव्या पाटीवर नाव, बापाचे नाव आणि आडनाव देवनागरीत, घरचे म्हणतात तसे लिहावे. कमिशनच्या स्पेलिंगवरून उलटे मराठी करू नये. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ४९ शिपायांची नावे आहेत आणि त्यांतली २२ ‘नाक’ने संपतात. त्या एका अक्षरगुच्छावरून ती माणसे कोण होती हे दोनशे वर्षांनीही कळते. तेच नाव कोणी ‘सुधारून’ कोरले असते तर ही ओळख गेली असती. नावापुढे पलटण आणि साल लिहावे, हुद्द्यात ड्रायव्हरला ड्रायव्हरच ठेवावे, आणि क्रम अकारविल्हे लावावा. जुनी पाटी काढू नये, तिच्यावर नवा रंगही देऊ नये.

कोरणाऱ्याला मजकूर फोनवर सांगू नये. पूर्ण मापाचा कागद छापून भिंतीवर लावावा आणि सहाही घरच्यांना, घर गावात नसेल तर भावकीला, बोट ठेवून वाचायला सांगावे. दुसऱ्या शिपायाच्या घरच्यांनी त्याच्या बापाच्या नावातला ऱ्हस्व उकार इथेच दुरुस्त करून दिला. पाच ओळी आधी कोराव्यात. सहाव्या ओळीची जागा माप घेऊन मोकळी सोडावी आणि तिच्या लिफाफ्यावर पुढच्या कामाची नोंद करून ठेवावी: तासगावच्या अभिलेख कक्षात १९१८-१९ चे फेरफार पाहणे बाकी.